ग्राऊट कालवण्याआधीची यादी

न्हाणीघराच्या फरशीचे सांधे तडकलेले दिसले की हात आधी ग्राऊटच्या, म्हणजे टाइल्समधले सांधे भरायच्या मसाल्याच्या, पाकिटाकडे जातो. माझाही गेला होता. तड्यांवर वरूनच ग्राऊट फासलं, आणि दीड महिन्यात ते पापुद्र्यांनी सुटून मोरीच्या जाळीत जाऊन बसलं. सांधे भरायला दोन तास पुरतात, पण त्याआधीच्या कामाला दोन-तीन दिवस जातात. ही यादी त्या दोन-तीन दिवसांची.

आधी फरशी वाजवून बघा. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने एकेक टाइल ठोकत जायचं. भरीव टाइल ‘टक्’ वाजते, पोकळ टाइल ‘डब्’. पोकळ टाइलवर खडूने फुली मारा. पाय दिल्यावर ती जराही हलत असेल तर तिच्याभोवतीचं ग्राऊट पुन्हा तडकणारच. ती काढून नीट बसवल्याशिवाय पुढे जाऊ नका. मग तडे कुठे आहेत ते पाहा. भिंत आणि फरशी मिळते त्या कोपऱ्यातच तडा असेल तर दोष ग्राऊटच्या दर्जाचा नसतो. भिंत आणि फरशी आपापल्या परीने किंचित हलत असतात आणि कडक ग्राऊटला ते सोसत नाही. कोपरे, नळाच्या पाइपाभोवतीची जागा आणि जाळीची कड यांना वाळल्यावरही लवचिक राहणारं सिलिकॉनच हवं. सगळ्या फरशीभर केसासारख्या बारीक भेगा असतील तर बहुधा मागच्या वेळी ग्राऊट पातळ कालवलं गेलं असावं. जास्तीचं पाणी उडून गेलं की ते आकसतं. आणि तडा सांधे सोडून टाइल्समधूनच सरळ रेषेत गेला असेल, तर खालचा थर हललाय. ते काम या यादीबाहेरचं.

खालच्या छताला ओल असेल तर एक गैरसमज आधी काढून टाका: पाणी अडवायचं काम ग्राऊटचं नाही. चांगल्या सांध्यातूनही थोडं पाणी झिरपतं. ते अडवतो टाइलखालचा वॉटरप्रूफिंगचा थर. नुसती शंका असेल तर जाळीचं तोंड घट्ट बंद करून फरशीवर दोन-तीन सेंटिमीटर पाणी साठवा, पातळीला पेन्सिलची खूण करा आणि 24 तास थांबा. पातळी चांगलीच उतरली किंवा खाली डाग उमटला तर सांधे भरून उपयोग नाही. खाली आधीच पाणी टपकत असेल तर मात्र ही चाचणी करूच नका.

आता घरातल्यांशी बोलून घ्या. खरवडायला एक दिवस, वाळायला एक-दोन दिवस, आणि भरल्यानंतर सिमेंटच्या ग्राऊटवर 24 तास पाय नको व साधारण तीन दिवस पाणी नको. मग कोपऱ्यांतलं सिलिकॉन, त्याला आणखी एक दिवस. म्हणजे आठवडाभर आंघोळीची दुसरी सोय हवी. पाकिटावर वेगळी मुदत दिली असेल तर तीच पाळा.

खरवडण्यासाठी दोन-चार सांधेच असतील तर कार्बाइडच्या दातांचं हाताचं ग्राऊट रेक पुरतं. जास्त असतील तर कार्बाइड पात्याचं मल्टिटूल (पातं वेगाने थरथरवून खरवडणारं विजेचं हत्यार) आणा. अँगल ग्राइंडर मला तरी अरुंद सांध्यात नको वाटतो, टाइलची कड उडायला क्षणही लागत नाही. जुनं ग्राऊट टाइलच्या जाडीच्या निदान दोन तृतीयांश खोल काढायचं. 8 मिमीची टाइल असेल तर पाच-साडेपाच मिमी. त्याहून खाली खणत वॉटरप्रूफिंगपर्यंत पोचू नका. टाइलच्या दोन्ही कडा स्वच्छ दिसल्या पाहिजेत, कारण नवं ग्राऊट त्यांनाच धरतं. उडणाऱ्या धुळीत सिलिका असते, त्यामुळे एन-95 मास्क आणि गॉगल हवाच. रुमाल बांधून चालत नाही. जाळीत फडक्याचा बोळा कोंबा. गुडघ्याखाली जाड काहीतरी घ्या, तासाभरात पटेल.

धूळ व्हॅक्यूमने ओढून घ्या आणि साबणाचा चिकटा ब्रशने घासून काढा. अॅसिड वापरू नका, ते सिमेंट खातं आणि संगमरवराची वाट लावतं. बुरशीसाठी ब्लीच वापरलंत तर अॅसिड जवळपासही नको. दोन्ही मिसळले की विषारी क्लोरिन वायू सुटतो.

मग वाळवण. माझं ग्राऊट निघालं त्याला अर्धं कारण हेच. पंखा लावून, दार उघडं ठेवून किमान 24 तास जाऊ द्या. रात्री सांध्यावर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवा. सकाळी त्याच्या आत दव दिसलं तर आणखी एक दिवस थांबा.

ग्राऊट कोणतं? सतत ओल्या फरशीला एपॉक्सी (सिमेंटऐवजी रेझिनचं ग्राऊट) जास्त टिकतं, पण ते कालवल्यावर बहुतेकदा अर्धा-पाऊण तासच हाती असतो, उकाड्यात त्याहूनही कमी, आणि टाइलवर वाळलेला त्याचा थर सहजी निघत नाही. पहिलाच प्रयत्न असेल तर मी पॉलिमर घातलेलं सिमेंटचं घेईन. 3 मिमीपेक्षा रुंद सांध्याला वाळू असलेलं, अरुंदला बिनवाळूचं. गुळगुळीत संगमरवराला वाळूचे ओरखडे पडतात. प्रमाणाचा अंदाज असा: 300 बाय 300 मिमीच्या टाइल्स, 3 मिमीचा सांधा आणि पाच-साडेपाच मिमी खोली असेल तर चार चौरस मीटरला पाऊण किलोच्या आसपास लागतं. थोडं जास्त आणा, पण सगळं एकाच बॅचचं. रंग आधी पुठ्ठ्यावर फासून वाळू द्या, कारण ओला रंग गडद दिसतो.

भरायच्या दिवशी सगळं हाताशी मांडून ठेवा: रबरी थापी, दोन बादल्या, स्पंज, कोरडी फडकी, हातमोजे (ओलं सिमेंट कातडी भाजतं) आणि पाणी मोजायचं भांडं. पाणी मोजूनच घालायचं. कालवून पाच-दहा मिनिटं ठेवायचं, पुन्हा ढवळायचं आणि घट्ट व्हायला लागलं तरी वरून पाणी घालायचं नाही. कोपऱ्यांच्या फटी मास्किंग टेपने झाका, म्हणजे त्यांत ग्राऊट शिरणार नाही. आणि सुरुवात दारापासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यातून करा.