जलरंगात झाडांचं निसर्गचित्र: वॉशवर वॉश कसा चढवावा

जलरंगात उजेड कागदाच्या पांढरेपणातूनच मिळतो. म्हणून फिक्याकडून गडदाकडे आणि दूरच्या झाडांकडून जवळच्यांकडे जायचं. कागद ३०० जीएसएमचा (म्हणजे जाड), कोल्ड प्रेस्ड (किंचित खरखरीत) घ्या. पातळ कागद पहिल्याच वॉशला (पाणी घालून पातळ केलेल्या रंगाच्या थराला) फुगतो आणि खळग्यांत रंग साचतो. कडा मास्किंग टेपने बोर्डला चिकटवून बोर्डची वरची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचला. पेन्सिलीने क्षितिज, वाट, घर आणि झाडांचे घेर एवढंच काढा, पानं नकोत.

आकाशाचा भाग स्वच्छ पाण्याने भिजवा. वरून कोबाल्ट ब्लू, खाली येताना पाणी वाढवत न्या, क्षितिजापाशी येलो ऑकरची (मातकट पिवळ्याची) झाक. वॉश झाडांच्या जागेवरूनही सरळ खाली ओढा. घेर वाचवत बसलात तर झाडांभोवती पांढरी रेघ राहते. घराची उन्हातली भिंत मात्र कोरी सोडा.

कागदाची चकाकी गेली, पण ओल आहे, अशा वेळी दूरची झाडं निळसर करड्या रंगाने टेका. कडा आपोआप विरघळतात. सगळी गडबड इथेच होते: ब्रशमध्ये कागदापेक्षा जास्त पाणी असलं, की ते रंगाला ढकलत जातं आणि फुलकोबीसारखा डाग उठतो. ओला असताना त्याला हात लावू नका, आणखी पसरतो.

मधल्या झाडांसाठी कागद पूर्ण वाळू द्या. बोटांची मागची बाजू टेकवून बघा. थंड लागलं तर अजून ओल आहे. ट्यूबमधला तयार हिरवा बहुधा भडक दिसतो. अल्ट्रामरीन (गडद निळा), लेमन यलो आणि चिमूटभर बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळा, पण इच्छित छटेपेक्षा थोडा गडद. वाळल्यावर रंग फिका पडतो. आधी कागदाच्या तुकड्यावर लावून, वाळवून पाहा.

जवळच्या झाडाला जवळपास कोरडा ब्रश आडवा धरून फिरवा. कागदाच्या खरखरीतपणामुळे पालवी तुटक उमटते. मधूनमधून आकाशाच्या फटी ठेवा आणि फांद्या त्या फटींतच दाखवा. सावली अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाची, झाडाच्या एकाच बाजूला.

एका जागी ब्रश एकदाच फिरवा. घासलं की खालचा थर सुटून रंग गढूळ होतो, आणि तीन-चार थरांनंतर ताजेपणा तसाही उरत नाही. चूक उचलायची तर ओल्या ब्रशने ओलावून टिश्यूने टिपा. थॅलो रंग (थॅलो ब्लू, थॅलो ग्रीन असे तीव्र रंग) मात्र डाग ठेवतात.

टेप चित्र पुरतं वाळल्यावरच, चित्रापासून बाहेरच्या दिशेने, तिरपी आणि सावकाश ओढा.