कँडिडाच्या भिंतीतलं ग्लुकन उघडं आहे की झाकलेलं? तपासायची रीत

कँडिडा अल्बिकन्स या बुरशीची पेशीभित्तिका (पेशीची बाहेरची भिंत) दोन थरांची असते. आत, पटलाला लागून, कायटिन आणि बीटा-1,3-ग्लुकन या साखरेच्या साखळ्यांचं जाळं; त्यावर मॅनन (हीही साखरेचीच साखळी) जोडलेल्या प्रथिनांची दाट झालर. यीस्टरूपातल्या (सुट्या गोल पेशींच्या) भिंतीच्या कोरड्या वजनात ग्लुकन निम्म्याहून थोडं जास्त भरतं, कायटिन जेमतेम 1 ते 3 टक्के. मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या प्रतिकारपेशीवरचा डेक्टिन-1 हा रिसेप्टर ग्लुकन ओळखतो, पण मध्ये झालर येते. जिवंत यीस्टपेशीवर ग्लुकन उघडं दिसतं ते मुख्यतः कळी सुटून गेल्यावर राहिलेल्या व्रणापाशी.

प्रतिकारपेशींचा प्रतिसाद मोजणारे बरेच प्रयोग इथेच फसतात. पेशी मारायला त्या तापवल्या की झालर विस्कटते, ग्लुकन बाहेर येतं, आणि टीएनएफ-अल्फा या दाहसंकेताचा जो भलामोठा आकडा मिळतो तो बुरशीपेक्षा वॉटरबाथबद्दलच जास्त सांगतो. म्हणून एकाच कल्चरचे दोन भाग करून, एक तापवून आणि एक फॉर्माल्डिहाइडने मारून, दोन्ही शेजारीशेजारी ठेवा. कँडिडा आणि मानवी रक्त, दोन्हींसाठी जैवसुरक्षा पातळी 2 लागते. कॅबिनेटबाहेर काही उघडू नका.

कल्चर

वायपीडी माध्यम (यीस्ट एक्स्ट्रॅक्ट 1, पेप्टोन 2, डेक्स्ट्रोज 2 टक्के) 5 मिली घ्या. ताज्या प्लेटवरची एक वसाहत त्यात सोडा, 30 अंशांवर 200 आरपीएमने रात्रभर हलवा. सकाळी नव्या माध्यमात ओडी (प्रकाश किती अडतो यावरून मोजलेला गढूळपणा) 0.2 पर्यंत पातळ करून 0.8 ते 1 होईपर्यंत, म्हणजे साधारण चार तास, वाढवा. रात्रभरचं कल्चर थेट वापरायचा मोह टाळा. माध्यम आंबट झालं की ग्लुकन आणि कायटिन जास्त उघडं पडतं. उलट लॅक्टेटवर वाढवलेली बुरशी ग्लुकन झाकून घेते. त्यामुळे माध्यम, पीएच आणि वाढीचे तास वहीत लिहिलेच पाहिजेत.

पीबीएसने (फॉस्फेट आणि मिठाचं बफर) तीनदा धुवा आणि हीमोसायटोमीटरवर (पेशी मोजायची चौकोन आखलेली काच) मोजा. ओडीवरून अंदाज बांधू नका, गुठळ्या असतील तर तो हमखास चुकतो. चार कोपऱ्यांतल्या चौकोनांची सरासरी गुणिले पातळीकरण गुणिले 10,000 म्हणजे दर मिलीतल्या पेशी. कळी मोठी असेल तर ती वेगळी मोजायची की नाही, हे आधीच ठरवा आणि शेवटपर्यंत तोच नियम पाळा.

मारणं

पहिला भाग 95 अंशांवर 30 मिनिटं. दुसरा भाग 4 टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये 30 मिनिटं, मग पीबीएसने चार वेळा नीट धुवा. थोडं जरी राहिलं तरी पुढे रक्तातल्या पांढऱ्या पेशी मरतात आणि प्रतिसाद कमी दिसतो. दोन्हींतले 100 मायक्रोलिटर वायपीडी प्लेटवर पसरून 48 तास पाहा. एकही वसाहत आली तर ती तुकडी फेकून द्या: एखादीच जिवंत पेशी 37 अंशांवर तंतू काढते आणि दुसऱ्या दिवशी वेलमध्ये जाळं दिसतं.

रंगवणं

दहा लाख पेशी 1 टक्का बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) असलेल्या पीबीएसमध्ये 100 मायक्रोलिटर करून बर्फावर अर्धा तास ठेवा. बीटा-1,3-ग्लुकनविरोधी अँटिबॉडी (पातळीकरण पुरवठादाराचं) घालून एक तास बर्फावर, दोनदा धुणं, मग फ्लुओरोसंट दुय्यम अँटिबॉडी (पहिलीला चिकटून हिरवी चमकणारी) अंधारात अर्धा तास. फ्लो सायटोमीटरवर (एकेका पेशीची चमक मोजणारं यंत्र) किमान 10,000 पेशी वाचा. फक्त दुय्यम अँटिबॉडी लावलेली नळी नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही.

मॅननसाठी वेगळ्या नळीत कॉन्कनॅव्हॅलिन-ए (मॅननला चिकटणारं प्रथिन), 50 मायक्रोग्रॅम प्रति मिली, 30 मिनिटं. याला कॅल्शियम आणि मँगनीज लागतं. बफरमध्ये ईडीटीए (धातूंचे आयन धरून ठेवणारं रसायन) राहून गेलं असेल तर रंग धरत नाही आणि मॅननच नाही असं वाटतं. कायटिनसाठी कॅल्कोफ्लुओर व्हाइट हा रंग वापरा; तो आतपर्यंत जाऊन सगळं कायटिन दाखवतो. गव्हाचं लेक्टिन (साखरेच्या साखळीला चिकटणारं प्रथिन) झालरीच्या आत सहसा जात नाही, त्यामुळे उघडं तेवढंच दिसतं. तंतू असतील तर सायटोमीटरच्या वाटेला जाऊ नका, नळी तुंबते. ते मायक्रोस्कोपखालीच पाहा.

मायक्रोस्कोपवर एक नजर तशीही टाकाच. फॉर्माल्डिहाइडच्या तुकडीत पेशीच्या कडेला एखाददुसरा हिरवा ठिपका दिसला पाहिजे, तापवलेल्या तुकडीत कडा अख्खी उजळते. दोन्ही सारख्या दिसल्या तर मारताना किंवा सेंट्रिफ्यूजमध्ये जोरात फिरवताना काहीतरी बिनसलंय. पडताळणीसाठी कॅस्पोफंजिन हे ग्लुकन बनणं अडवणारं बुरशीविरोधी औषध वाढ रोखणाऱ्या मात्रेच्या चौथ्या हिश्श्याने देऊन वाढवलेली तुकडी जोडीला ठेवा. तिच्यात उघडं ग्लुकन वाढलेलं दिसायला हवं.

पांढऱ्या पेशींसोबत

फिकॉलवर (घनतेनुसार पेशी वेगळ्या करणारं द्रव) वेगळ्या केलेल्या पांढऱ्या रक्तपेशी 96 वेलच्या प्लेटमध्ये, दर वेलला 5 लाख, 100 मायक्रोलिटर आरपीएमआय माध्यमात घ्या. त्यात 100 मायक्रोलिटर बुरशी, शेवटची घनता दर मिलीत 10 लाख. 37 अंश, 5 टक्के कार्बन डायऑक्साइड, 24 तासांनी वरचं द्रव काढून टीएनएफ-अल्फा आणि आयएल-6 (आणखी एक दाहसंकेत) यांच्यासाठी एलिसा (अँटिबॉडीने प्रथिन मोजणारी चाचणी) करा. आयएल-17 हवं असेल तर 10 टक्के मानवी सीरमसह सात दिवस थांबावं लागतं. 24 तासांच्या प्लेटमध्ये मात्र सीरम टाळा: त्यातलं कॉम्प्लिमेंट (जंतूंना चिकटणारी रक्तातली प्रथिनं) आणि मॅननविरोधी अँटिबॉडी बुरशीला चिकटतात, आणि झालर असो वा नसो, दुसऱ्याच रिसेप्टरने ती ओळखली जाते. सीरम 56 अंशांवर तापवून कॉम्प्लिमेंट जातं, अँटिबॉडी तशाच राहतात.

काही वेलमध्ये लॅमिनारिन एक तास आधी घाला. हे विरघळणारं ग्लुकन डेक्टिन-1 अडवून ठेवतं पण त्याला नीट चेतवत नाही. चेतना मिळायला कणच लागतो, कारण कणाला पेशी भिडली की तिथून सीडी45 हे फॉस्फटेज बाजूला सरकतं. लॅमिनारिनने तापवलेल्या तुकडीचा प्रतिसाद घटला तर तो ग्लुकनचा होता. फारसा घटला नाही, तर संशय एलपीएसवर (जिवाणूंच्या भिंतीतलं, प्रतिकारपेशींना चेतवणारं द्रव्य) घ्या. एलपीएसला बांधून ठेवणारं पॉलिमिक्सिन-बी 10 मायक्रोग्रॅम प्रति मिली घालून पुन्हा करा.

एलपीएस शोधायला हॉर्सशू क्रॅबच्या (नालाच्या आकाराचा, खऱ्या खेकड्यांपेक्षा वेगळा सागरी जीव) रक्तापासूनची नेहमीची एलएएल चाचणी लावली, तर ती ग्लुकनलाही होकार देते. तिच्यातला फॅक्टर-जी ग्लुकननेच सुरू होतो. एकतर ग्लुकन अडवणारं बफर वापरा, नाहीतर रिकॉम्बिनंट फॅक्टर-सीची चाचणी.

पाच-सहा दात्यांशिवाय निष्कर्ष लिहू नका, आणि प्रत्येक दात्याच्या दोन्ही तुकड्या जोडीनेच तुलना करा. डेक्टिन-1 च्या जीनमध्ये अकाली थांबा आणणारा बदल काही निरोगी माणसांत असतो. असा एखादा दाता आला तर त्याच्या तापवलेल्या तुकडीचा आकडाही खाली राहतो, आणि सगळ्यांची एकत्र सरासरी काढली की हा फरक आत बुडून जातो.