ओव्हनच्या हीटरची वायर सारखी जळते? जोडातल्या या चुका टाळा

पावडर कोटिंगचा, म्हणजे धातूवर रंगाची पावडर भाजून बसवायचा, ओव्हन साधारण १८० ते २०० अंशांवर चालतो. टर्मिनलपाशी वायर जळाली की संशय थेट हीटरवर जातो आणि चांगला हीटर भंगारात निघतो. आधी जळका भाग नीट बघा. टर्मिनलजवळ इन्सुलेशन कोळसा झालंय आणि हातभर पुढे वायर ठीक आहे, म्हणजे दोष जोडाचा.

३ किलोवॅटचा हीटर २३० व्होल्टवर सुमारे १३ अँपिअर घेतो. जोडात ०.१ ओहमचा रोध आला तरी तिथे १७ वॅट उष्णता तयार होते. लहान सोल्डरिंग आयर्न थिंबलमध्ये (वायरच्या टोकाला बसवायच्या धातूच्या टोपीत) कोंबून ठेवल्यासारखंच हे. त्या तापाने तांब्यावर ऑक्साइड चढतो, रोध वाढतो, जोड आणखी तापतो.

सगळ्यात महागात पडते ती सोल्डरची सवय. ६०-४० सोल्डर (६० टक्के कथील, ४० टक्के शिसं) १८३ अंशांना वितळू लागतो. त्याआधीच तो मऊ होऊन स्क्रूखाली दबत जातो आणि घट्ट वाटलेला जोड आपोआप ढिला पडतो. वायरच्या टोकाला सोल्डर चढवून ते स्क्रूखाली दाबणं हीसुद्धा तीच चूक. इथे निकेलचं थिंबल घ्या आणि क्रिम्पिंग टूलनेच दाबा, पक्कडीने नाही.

घरगुती पीव्हीसी वायर ७० अंशांची, सिलिकॉनची १८० ची. त्याहून जास्त तापमानाला काचतंतूचीच हवी. स्लीव्हही काचतंतूचीच.

नट आवळताना खालचा नट दुसऱ्या पान्याने धरा, नाहीतर हीटरची पिन आतून फिरते. पहिल्या काही फेऱ्यांनंतर मेन बंद करून, ओव्हन थंड झाल्यावर पुन्हा आवळा. आणि शक्य असेल तर जोड गरम भागाच्या बाहेरच काढा. याहून खात्रीचा उपाय मला माहीत नाही.

थर्मोकपलचा, म्हणजे ओव्हनचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा, जोड मात्र कुणी तपासतच नाही. के टाइपच्या थर्मोकपलला त्याच प्रकारच्या वायरऐवजी साधी तांब्याची वायर जोडली, जोड ७० अंशांवर आणि पॅनल ३० वर असला, तर कंट्रोलर जवळपास ४० अंश कमी दाखवतो. मग तो बिचारा ओव्हन तेवढाच जास्त तापवतो. पांढरा रंग पिवळा पडू लागला, की पावडरवाल्याला फोन करण्याआधी ही वायर के टाइपची आहे का ते बघा.