गळाने चिलापी कशी धरावी आणि कशी रांधावी

भीमा नदीवरच्या उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी, म्हणजे भिगवण, कुंभारगाव, पळसदेव या पट्ट्यात, किंवा आपल्या गावच्या पाझर तलावावर स्वतः मासा धरून तो रांधायला शिकायचे असेल, तर सुरुवात चिलापीपासून, म्हणजे टिलापिया माशापासून, करावी. रोहू, कटला आणि मृगळ हे चवीला उत्तम मासे आहेत, परंतु त्यांच्या मांसात बारीक दुबेळकी काटे विखुरलेले असल्यामुळे नवख्याची जेवताना तारांबळ उडते. चिलापीत मधला काटा आणि बरगड्या सोडल्या तर फारसे काही आड येत नाही. शिवाय ही मासळी मूळची आफ्रिकेतली असून १९५२ मध्ये भारतात आणली गेली. तिची मादी अंडी तोंडात सांभाळते आणि वर्षातून अनेकदा विते, त्यामुळे ती आपल्या पाण्यात बेसुमार वाढली आहे आणि पोटापुरती धरल्याने तिच्या संख्येला धक्का लागत नाही. पावसाच्या पहिल्या लोंढ्याबरोबर ओढ्यात शिरणाऱ्या चढणीच्या माशांची गोष्ट मात्र वेगळी आहे. ते अंडी घालायला निघालेले असतात, आणि गाभोळीने भरलेला एक रोहू मारणे म्हणजे लाखो अंडी संपवणे होय. त्या दिवसांत गळ घरीच ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

बहुतेक जलाशयांतील मासेमारीचा ठेका स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. तेव्हा काठावर बसण्याआधी त्यांच्या माणसांना विचारावे; त्यांच्या जाळ्यांपासून आणि धरणाच्या भिंतीपासून लांब राहावे. जागा निवडताना सांडपाण्याचा नाला जिथे मिळतो ती बाजू टाळावी, आणि पाण्यावर हिरवा तवंग साचलेला असेल किंवा मेलेले मासे तरंगत असतील तर तिथला मासा खाऊच नये.

साहित्य थोडके लागते. आठ-दहा फुटांची सरळ वाळलेली बांबूची काठी, तिच्याच लांबीचा बारीक तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा, शिशाचा लहानसा मणी, थर्माकोलचा तुकडा आणि आठ किंवा दहा नंबरचा गळ एवढे पुरते. चिलापीचे तोंड लहान असते, म्हणून मोठा गळ लावला तर ती आमिष कुरतडून नेते आणि हाताला काहीच लागत नाही. आमिषासाठी उकिरड्याशेजारच्या ओल्या मातीतली गांडुळे उत्तम. ती न मिळाल्यास घट्ट मळलेल्या कणकेत शेंगदाण्याची पेंड मिसळून हरभऱ्याएवढ्या गोळ्या कराव्यात. गळाचे टोक आमिषात झाकले जाईल, पण त्याभोवती जाड थर बसणार नाही, इतकेच आमिष लावावे.

थंडीत चिलापीचे खाणे मंदावते. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मेपर्यंत सकाळी आणि संध्याकाळी ती काठाजवळ चांगली लागते. आमिष तळापासून वीतभर वर राहील अशा बेताने थर्माकोल सरकवून घ्यावा आणि मग त्याच्यावरून नजर हलवू नये. मासा आधी आमिष चाखतो, त्या वेळी थर्माकोल नुसता थरथरतो आणि पाण्यावर बारीक वलये उठतात. या क्षणी झटका दिला तर गळ रिकामा येतो. थर्माकोल तिरका होऊन एका बाजूला ओढला जाऊ लागला की मनगटाने आखूड झटका द्यावा आणि मासा सलग ओढून काठावर घ्यावा. पाठीच्या पंखाचे काटे सुईसारखे टोचतात, म्हणून डोक्याकडून शेपटीकडे तळहात फिरवून पंख दाबत मासा धरावा. तुटलेल्या तंगूसाचा एकही तुकडा काठावर सोडू नये, कारण तो पाणपक्ष्यांच्या पायांत अडकतो.

यानंतरच्या अर्ध्या तासातच माशाची चव ठरते, आणि नेमकी इथेच बहुतेकांची हयगय होते. बादलीतल्या कोमट पाण्यात तडफडत मेलेल्या किंवा उन्हात पिशवीत पडून राहिलेल्या माशाचे मांस पिलपिलीत होते. त्यासाठी मासा धरल्याबरोबर डोक्यावर दांडक्याचा एकच जोरदार फटका देऊन तो मारावा, कल्ल्याखाली कापून रक्त वाहू द्यावे आणि फोडलेल्या बर्फात ठेवावा.

साफ करताना शेपटीकडून डोक्याकडे खवले काढावेत, पोट चिरून पित्ताची पिशवी न फोडता आतडी काढावीत, कल्ले उपटून टाकावेत आणि पोटाच्या आतली काळी पातळ साल बोटाने घासून पूर्ण काढावी. गोड्या पाण्यातल्या माशाला येणारा मातकट वास निळ्या-हिरव्या शेवाळातून आणि तळच्या जिवाणूंतून येणाऱ्या जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा असतो. आंबटाने हे द्रव्य विघटित होते, म्हणून तुकड्यांना मीठ, हळद आणि चिंचेचा दाट कोळ चोळून पंधरा-वीस मिनिटे ठेवावे व नंतर धुऊन घ्यावे.

एक किलो माशाच्या रश्श्यासाठी दोन कांदे आणि अर्धी वाटी सुके खोबरे काळसर होईपर्यंत भाजावे आणि दहा-बारा लसूण पाकळ्या, इंचभर आले व मूठभर कोथिंबीर घालून बारीक वाटावे. तेलात हे वाटण कडेने तेल सुटेपर्यंत परतावे, दोन चमचे काळा मसाला आणि एक चमचा तिखट घालावे, मग गरम पाणी, मीठ व थोडा चिंचेचा कोळ घालून रस्सा चांगला उकळू द्यावा. कल्ले काढलेली डोकी आधी आणि तुकडे चार-पाच मिनिटांनी सोडावेत. त्यानंतर पळी घालू नये. पातेले फडक्याने धरून हलकेच फिरवावे. मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटांत तुकडे शिजतात. गोड्या पाण्यातला मासा कधीही अर्धाकच्चा खाऊ नये. मधल्या काट्यापासून मांस सहज सुटले की तो शिजला असे समजावे.

पाव किलोच्या आतल्या चिलाप्या अख्ख्या तळाव्यात. दोन्ही बाजूंना तिरक्या चिरा देऊन त्यांत आले-लसूण, तिखट, हळद आणि मीठ भरावे, वरून तांदळाच्या पिठात रवा मिसळून लावावा आणि लोखंडी तव्यावर एक बाजू पूर्ण खरपूस होईपर्यंत हात न लावता ठेवावी. सोबत ज्वारीची गरम भाकरी आणि कच्चा कांदा असावा. रस्सा उरल्यास तो गार होताच फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी खळखळून उकळी आणूनच वाढावा.