पावसाआधी गाडीला वॅक्स

माझी गडद निळी वॅगनआर फणसाच्या नाही तर आंब्याच्या सावलीत उभी असते, कारण आमच्या खळ्यात तिसरी सावलीच नाही. विम्याच्या कामासाठी रत्नागिरी तालुक्यातली गावं मी हिनेच फिरते. जानेवारीत मोहरावर तुडतुडे आले की टपावर चिकट खार पडते, एप्रिल-मेमध्ये जांभ्याची तांबडी धूळ बसते, आणि खारा वारा तर बारा महिने. म्हणून दरवर्षी रोहिणी लागायच्या सुमाराला, म्हणजे 25 मेच्या आसपास, मी गाडीला वॅक्स करते. घरात ह्याला ‘गाडीचं फेशियल’ म्हणतात. म्हणोत.

आधी एक घोळ मिटवू. पॉलिश आणि वॅक्स ह्या दोन वेगळ्या गोष्टी. पॉलिश घासून वरचा थर किंचित काढतं, म्हणून ओरखडे कमी दिसतात. वॅक्स काहीच काढत नाही, ते रंगावर बसतं. रंगाच्या वर जो पारदर्शक क्लिअर कोट असतो तो साधारण 40-50 मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या केसापेक्षाही पातळ. पाखराची शीट, चीक, मीठ ह्यांचा पहिला मारा त्याच्याऐवजी वॅक्सने झेलायचा, एवढंच त्याचं काम. डब्यावर ‘कार्नोबा’ लिहिलेलं असेल तर ते ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. चकाकी सुरेख देतं, पण आमच्या पावसात दीड-दोन महिन्यांच्या वर टिकत नाही. सिंथेटिक सीलंट, म्हणजे रसायनांपासून बनवलेलं वॅक्स, जास्त टिकतं. मी पावसाआधी सीलंट लावते आणि दिवाळीत हौसेने कार्नोबा.

खरी मेहनत धुण्यात आहे. दोन बादल्या घ्या, एकीत कार शांपूचं पाणी, दुसरीत साधं. फडकं गाडीवरून फिरवलं की आधी साध्या पाण्यात खळबळवायचं, मगच शांपूत बुडवायचं. साध्या बादलीच्या तळाशी जी तांबडी रेती साठते ती एकदा बघा. एकाच बादलीने धुतलं असतं तर तीच रेती पुन्हा बॉनेटवर घासली गेली असती. उन्हात तिरकं पाहिल्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे दिसतात ना, ते असेच पडतात. एका धुलाई केंद्रात माझ्या गाडीवर ज्या फडक्याने हात फिरवला, त्याच फडक्याने नुकतीच एका टेम्पोची चाकं पुसली होती. तेव्हापासून गाडी मी घरीच धुते. टपापासून सुरुवात करून खाली यायचं, चाकं सगळ्यात शेवटी आणि त्यांचं फडकं वेगळं.

कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचा साबण वापरू नका. पहिल्या वर्षी मी हौसेने वॅक्स केलं आणि आठवड्याने भांड्यांच्या लिक्विडने गाडी धुतली. तेलकटपणा काढणं हेच त्याचं काम, त्यामुळे माझी अख्ख्या रविवारची मेहनत गटारात गेली. आमच्या वाडीतले तात्या डिझेलचं फडकं फिरवायला सांगतात. तास-दोन तास गाडी चमकते खरी, मग सगळी धूळ तिलाच येऊन चिकटते, आणि दारांची रबरं खराब होतात ती वेगळीच.

धुऊन कोरडी केल्यावर हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बॉनेटवर बोटं फिरवा. नुसत्या हाताला गुळगुळीत लागलेला पत्रा पिशवीतून रव्यासारखा खरखरीत लागला, तर कचरा रंगाला घट्ट धरून बसलाय. त्याला क्ले बार लागतो, म्हणजे असा कचरा ओढून घेणारी मऊ, मातीसारखी वडी. शांपूचं पाणी शिंपडून हलक्या हाताने फिरवायचा, अजिबात दाबायचं नाही. तो जमिनीवर पडला की फेकून द्या. महाग असतो, जीव जळतो, पण चिकटलेली वाळू त्यातून निघत नाही.

आता वॅक्स. तळहाताची मागची बाजू बॉनेटला लावा. चटका बसला तर आज राहू द्या किंवा गाडी सावलीत नेऊन थांबा. मी दुपारी साडेचारनंतर बसते. काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांना आधी चिकटपट्टी लावून घ्या, नाहीतर तिथे पांढरे डाग धरतात आणि मग जुना टूथब्रश घेऊन बसावं लागतं. समोरच्या काचेवर हे वॅक्स लावू नका, भर पावसात वायपर थरथरतो.

स्पंजवर वॅक्स घ्यायचं ते नखाएवढं. अर्ध्या बॉनेटला तेवढं पुरतं. पोळीला तूप लावतो तसं नाही, तूप लावून पुन्हा पुसून घेतल्यावर जेवढं उरेल तेवढं. थर जाड दिला म्हणून संरक्षण वाढत नाही, फक्त पुसताना दंड भरून येतात. 200 ग्रॅमचा माझा डबा तीन वर्षं पुरला. एकेक भाग घ्या: अर्धं बॉनेट, मग दुसरं अर्धं, मग मडगार्ड. धुरकट झालं की बोटाने एक रेघ ओढा. रेघ स्वच्छ उमटली तर पुसायला घ्या, ओशट फरफटली तर अजून थांबा. डब्यावर लिहिलेल्या वेळेवर विसंबू नका, आमच्याकडे मेमध्ये हवेतच इतका ओलावा असतो की दुप्पट वेळ लागतो. पुसताना स्वच्छ मायक्रोफायबर घडी घालून घ्या, बाजू भरली की घडी पालटा.

उन्हात लावून चुन्यासारखं वाळून बसलंच, तर नखाने खरवडू नका. त्याच्यावरच नव्या वॅक्सचा पुसट हात द्या, जुनं मऊ होतं, आणि लगेच पुसून घ्या.

जुन्या गाडीचा रंग फडक्यावर उतरायला लागला तर घाबरू नका. तिच्यावर क्लिअर कोट नसावा, रंगाचा मेलेला थर येतोय. हात हलका ठेवा. एखादं दार नुकतंच रंगवून आणलं असेल तर मात्र त्याला वगळा, ताज्या रंगातलं थिनर उडून जायला महिना ते तीन महिने लागतात. नक्की किती ते रंगवणाऱ्यालाच विचारा.

वॅक्स आहे म्हणून शीट तशीच ठेवू नका. पाण्यात भिजवलेला कागदाचा बोळा पाच मिनिटं तिच्यावर ठेवा, मग न घासता उचला. गाडीत एक पाण्याची बाटली आणि जुनं वर्तमानपत्र असलं की झालं.

पाऊस लागला की बॉनेटवरचे थेंब बघत राहा. अळवाच्या पानावर उभे राहतात तसे टपोरे असतील तोवर वॅक्स आहे. पाणी चादरीसारखं पसरून राहू लागलं की ते गेलं. माझ्याकडे हे साधारण गणपतीच्या आगेमागे होतं. मग उघडीप मिळेल त्या दिवशी पुन्हा दोन बादल्या खळ्यात येतात.