मोतीबिंदूचं कोटेशन मागताना

ठाण्यात नौपाड्यातलं छोटं नेत्ररुग्णालय आणि घोडबंदर रोडवरचं मोठं हॉस्पिटल यांचे मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या खर्चाचे आकडे नुसते शेजारी ठेवून काही कळत नाही. आधी प्रत्येकाला एकच प्रश्न लेखी विचारा: एका डोळ्याचं, फेको पद्धतीने (छोट्या छेदातून अल्ट्रासाउंडने मोतीबिंदू फोडून काढणं), डोळ्यात अमुक कृत्रिम लेन्स घालून, सगळं धरून किती?

खरा फरक लेन्समध्येच पडतो. मोनोफोकल (एकाच अंतरावरचं स्पष्ट दाखवणारी) सर्वांत स्वस्त. ती लांबचं बघण्यासाठी बसवली तर वाचायला चष्मा लागतोच. मल्टिफोकलने (लांबचं-जवळचं दोन्ही दाखवणारी) चष्मा बराच कमी होतो, पण रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात. टोरिक फक्त सिलिंडर नंबर (अ‍ॅस्टिग्मॅटिझम) असलेल्यांसाठी. ‘इम्पोर्टेड लेन्स’ एवढ्यावर समाधान मानू नका. कंपनी आणि मॉडेल लिहून घ्या, नाहीतर तुलना आंबा-फणसाची होते. ऑपरेशननंतर लेन्सच्या डब्यावरचा स्टिकर फाइलला लावून मागा. त्यावर मॉडेल, पॉवर, सीरियल नंबर असतो. बिलाशी ताडून बघा.

पॅकेजबाहेर बरेचदा राहतं ते असं: बायोमेट्री (लेन्सची पॉवर ठरवण्यासाठी डोळ्याचं मोजमाप), रक्त-साखर-ईसीजी, नंतरचे थेंब, फेरतपासण्या.

विमा असेल तर पॉलिसीत मोतीबिंदूची प्रति डोळा मर्यादा आणि प्रतीक्षा काळ (बहुधा 24 महिने) आधी बघा. कॅशलेसचा आणि रोखीचा दर वेगळा निघाला तर कारण विचारायला लाजू नका.

आणि हो, यादीत सरकारी रुग्णालयही धरा. अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाखाली तिथे शस्त्रक्रिया मोफत होते. तारीख किती लांबची मिळते, तेवढं विचारा.