उंची कमी, बाईक मोठी: तोल कुठे जातो आणि कसा राखायचा

मोठ्या बाईकवर पहिल्यांदा बसलं की बहुतेक जणी एवढंच बघतात, दोन्ही टाचा टेकतात का. नाही टेकल्या की बाईक मनातून उतरते. खरं तर एक पाय पूर्ण टेकला की काम भागतं. थांबताना बैठक सीटच्या डाव्या कडेला सरकवा, डावा पाय सपाट टेका, उजवा मागच्या ब्रेकवर ठेवा. ज्यांचे सरळ बसून जेमतेम चवडे टेकतात, त्यांचीही अशी सरकल्यावर बहुधा टाच टेकते.

सीटच्या उंचीचा आकडा अर्धंच सांगतो. सीट रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि पायाची लांबी बाजूला खर्ची पडते. वजनाचंही तसंच. रॉयल एनफील्डच्याच दोन बाईक बघा. हिमालयन ४५० चं वजन १९६ किलो आणि सीट ८२५ मिमी. सुपर मीटिऑर ६५० चं वजन २४१ किलो आणि सीट ७४० मिमी. सिग्नलला थांबताना दुसरी सोपी वाटेल, पण पार्किंगमधून मागे ओढताना तिचे जास्तीचे ४५ किलो जाणवतील. तुमची अडचण नेमकी कुठली, ते आधी ठरवा. बसून बघताना पायात चालवतानाचेच बूट हवेत. जाड तळव्याने एक-दोन सेंटीमीटर मिळतात, मात्र बूट गिअर लिव्हरखाली सहज शिरला पाहिजे.

पहिला सराव इंजिन बंद ठेवून, सपाट जागी, पलीकडे एका माणसाला उभं करून. बाईक सरळ उभी धरा आणि अगदी हळू डावी-उजवीकडे कलवा. सरळ असताना हाताला वजन जवळपास लागतच नाही. थोडी कलली की एकदम जड होते. ती जागा अंगाला कळली पाहिजे, कारण तिच्या अलीकडे बाईक बोटांनी सावरता येते आणि पलीकडे ताकद लावूनही नाही. मग डावीकडे उभं राहून कंबर सीटला टेकवा, दोन बोटं पुढच्या ब्रेकवर ठेवा आणि बाईक अंगाकडे किंचित झुकती ठेवून ढकला. एरवी एकटीने ढकलताना ती पलीकडे कलली तर धरायला तिकडे कोणी नसतं.

जड बाईक पडते ती बहुधा थांबण्याच्या शेवटच्या दोन मीटरमध्ये. हँडल वळलेलं असतं, घाबरून पुढचा ब्रेक दाबला जातो, पुढचा शॉक दबतो आणि सगळं वजन वळलेल्या बाजूला जातं. पाय पोचेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून हँडल आधी सरळ करा, पुढचा ब्रेक हळूहळू सोडा, शेवटचा वेग मागच्या ब्रेकने मारा, नजर समोर दूर ठेवा. पाय कुठे पडणार ते थांबण्याआधीच बघा: खडी, ऑइल, खड्डा. डावीकडे जमीन खाली असेल तर उजवा पाय टेका. तेव्हा बाईक पुढच्या ब्रेकवर धरावी लागते, त्यामुळे हँडल सरळ हवंच. चढावर मात्र शक्यतो डावाच पाय टेका: मागचा ब्रेक दाबून हाफ क्लच द्या आणि बाईक पुढे ओढायला लागल्यावरच ब्रेक सोडा.

बदल करायचेच तर स्वस्त आणि परत फिरवता येणारे आधी. क्लच-ब्रेकचे लिव्हर जवळ घ्या. सीटचा फोम जाडीत कापण्याआधी पुढच्या कडांनी निमुळता करून घ्या. बसायचा आराम टिकतो आणि पाय सरळ खाली येतात. मागच्या शॉकचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगवर आधीच दिलेला ताण, थोडा कमी करता येतो, पण फार सैल केला तर खड्ड्यात शॉक तळाला आदळतो. मागच्या शॉकला जोडणारी लिंक बदलून बाईक खाली उतरवणं सगळ्यात शेवटी. फक्त मागून उतरवली तर वळायला आळशी होते, म्हणून पुढचे फोर्कही (पुढचं चाक धरणारे दोन दांडे) क्लॅम्पमध्ये वर सरकवावे लागतात. साइड स्टँड तेवढाच लांब राहिला तर बाईक त्यावर जवळजवळ सरळ उभी राहते आणि छोट्या धक्क्याने उजवीकडे पडते. तोही कापून घ्यावाच लागतो. आणि वळणात फूटरेस्ट लवकर घासतात.

तोल पूर्ण गेला असेल तर हँडल सोडा आणि पाय बाजूला घ्या. दोनशे किलो कोणालाच थोपवता येत नाहीत, गुडघा मात्र जातो.

उचलताना आधी इंजिन आणि चावी बंद. बाईक उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आत्ताच बाहेर काढा, म्हणजे उभी केल्यावर ती पलीकडे जाणार नाही. जमलं तर गिअरमध्येही टाका. हँडल पडलेल्या बाजूला पूर्ण वळवा. बाईककडे पाठ करून कंबरेखालचा भाग सीटच्या कडेला लावा, एका हाताने हँडलची मूठ आणि दुसऱ्याने मागचा ग्रॅब रेल धरा. पाठ सरळ, हात ताठ, आणि छोटी पावलं मागे टाकत मांड्यांनी ढकला. शेवटचा टप्पा हलका असतो, तिथे जोर कमी करा. उभी झाल्यावर पेट्रोल गळतंय का आणि लिव्हर वाकलाय का ते बघा, मगच चावी फिरवा.